मनगटावरचे परावलंबन

प्रवासाला निघताना घड्याळ सोबत घ्यायचे ते परक्या मुलखात वेळ, दिशा आणि संकट या तिन्ही प्रसंगी आधार असावा म्हणून. परंतु इंटरनेटशी जोडलेले असेपर्यंतच शहाणे असणारे घड्याळ नेमके प्रवासातच पाठ फिरविते. हा दोष तंत्रज्ञानाचा की ते घडविणाऱ्यांच्या दृष्टीचा, याचा विचार ग्राहकाने करण्याची वेळ आली आहे.

मराठी मध्यमवर्गीय घरात मनगटी घड्याळाला एके काळी केवळ वेळ दाखविणाऱ्या यंत्राहून अधिक मोल होते. मुलगा मॅट्रिक झाला, जावई पहिल्या दिवाळसणाला आला किंवा वडील नोकरीतून निवृत्त झाले, की घड्याळ भेट दिले जाई. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरू येथे १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातील घड्याळे अशीच वडिलांच्या मनगटावरून मुलाच्या मनगटावर आली. सकाळी किल्ली दिली की दिवसभराची निश्चिंती असे. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मान्यता दिली आणि साधारण त्याच सुमारास भारतीय मनगटावर एक नवा पाहुणा येऊन बसला. त्याचे नाव स्मार्ट घड्याळ. २०२२ च्या उत्तरार्धात तर या घड्याळांच्या खपात भारताने उत्तर अमेरिकेला मागे टाकून जगात पहिला क्रमांक गाठला. पुढे २०२४ मध्ये हा बाजार ओसरला, तरी तोवर ही वस्तू घरोघरी पोहोचली होती.

या काळात भेट देणारे आणि घेणारे यांच्या जागाही बदलल्या. पुण्यात, बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत नोकरी करणारा मुलगा आपल्या साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना हौसेने स्मार्ट घड्याळ आणून देतो. त्यात नाडीचे ठोके मोजले जातात, पावले मोजली जातात, फोन आला की मनगट थरथरते, पडले-झडले तर मुलाला संदेश जातो. दूर राहणाऱ्या मुलाला त्यामुळे जो दिलासा मिळतो, त्याची किंमत पैशात करता येत नाही, हे मान्यच केले पाहिजे. हीच मंडळी निवृत्तीनंतर चारधामला, काश्मीरला, कैलास-मानसरोवराला, नाही तर नातवंडांच्या ओढीने अमेरिकेला निघतात. घड्याळाची खरी कसोटी तेथून सुरू होते, आणि बहुतेक वेळा ते त्या कसोटीला उतरत नाही.

घरी शहाणे, प्रवासात मुके

असे का होते, हे समजण्यासाठी या घड्याळाची घडण थोडी पाहावी लागेल. बाजारातील बहुसंख्य स्मार्ट घड्याळे स्वयंपूर्ण नसतात. घड्याळ ब्लूटूथने खिशातील फोनशी बोलते, फोन कंपनीच्या मनोऱ्याशी बोलतो, मनोरा इंटरनेटशी आणि इंटरनेट कोठल्या तरी दूरदेशीच्या सर्व्हरशी. उत्तर त्याच वाटेने उलट येते. या साखळीतील एक कडी जरी निखळली, तरी मनगटावरच्या पडद्यावर एक चक्र फिरत राहते आणि बाकी काही होत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी ही अवस्था. ज्याला दुकानात ‘कॉलिंग’चे घड्याळ म्हणतात, ते घड्याळही बहुधा स्वतः फोन लावीत नाही, ते केवळ खिशातील फोनचे कान आणि तोंड असते. स्वस्त घड्याळांपैकी अनेकांत उपग्रहांचे संकेत पकडण्याची स्वतःची सोयही नसते. ‘जीपीएस’ म्हणून जाहिरातीत जे लिहिलेले असते, ते फोनचेच उसने घेतलेले असते.

शहरात ही उसनवारी लक्षात येत नाही, कारण घरी वाय-फाय, रस्त्यावर मनोरे, कचेरीत पुन्हा वाय-फाय. प्रवास सुरू झाला की ती उघडी पडते. कोकण रेल्वेने रत्नागिरीकडे जाताना नव्वदहून अधिक बोगद्यांच्या त्या मार्गावर, विशेषतः साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात, पुढचे स्थानक कोणते हे विचारले तर घड्याळ गप्प बसते. येथे गैरसोय काही मिनिटांचीच असते. काश्मीर किंवा लडाखला जाणाऱ्या कुटुंबाची कोंडी मात्र मोठी होते. सुरक्षेच्या कारणास्तव अन्य राज्यांतील प्रीपेड सिमकार्डे तेथे चालत नाहीत, केवळ पोस्टपेड चालतात. हा नियम ठाऊक नसलेल्या प्रवाशाचा फोन तेथे पाऊल टाकताच मुका होतो आणि त्याच्यामागोमाग मनगटावरील हवामान, नकाशा, निरोप असे सगळेच थांबते. हिमालयातील हवा घटकाघटकाला बदलते. घड्याळावर मात्र आदल्या दिवशीच्या पठाणकोटचे ऊन दिसत राहते.

त्याहून विचित्र प्रकार वेळेचाच होतो. पाच वर्षांच्या खंडानंतर २०२५ मध्ये कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा सुरू झाली. तिचा एक मार्ग उत्तराखंडातील धारचुला येथून लिपुलेखकडे जातो. धारचुलाच्या पलीकडे काली नदी ओलांडली की नेपाळ. नेपाळची प्रमाणवेळ भारताच्या पाऊण तास नव्हे, अर्धा तास नव्हे, नेमकी पंधरा मिनिटे पुढे आहे. डोंगरात आपला मनोरा क्षीण झाला आणि फोनने नदीपलीकडचा मनोरा पकडला, तर स्वयंचलित वेळ मांडणाऱ्या फोनचे घड्याळ पंधरा मिनिटांनी उडी घेऊ शकते आणि मनगटावरील घड्याळ निमूटपणे त्याचे अनुकरण करते. लिपुलेखची खिंड ओलांडून तिबेटमध्ये उतरले की चीनने सर्व देशाला लावलेली बीजिंगची वेळ लागू होते. ती भारतापेक्षा अडीच तास पुढे. शिवाय तेथील सिमकार्डावरून वा वाय-फायवरून गूगलच्या सेवा उघडत नाहीत. ज्या घड्याळाचा सारा डोलारा त्या सेवांवर उभा आहे, त्याचे शहाणपण सीमेवरच उतरवून ठेवावे लागते.

परदेशी मुलांकडे निघालेल्या आई-वडिलांची तऱ्हा आणखी वेगळी. विमानात फोन बंद, उतरल्यावर भारतीय सिमकार्डाला परदेशी सेवा सुरू केलेली नाही, विमानतळाच्या वाय-फायला संकेतक हवा आणि तो संकेतक त्याच बंद सिमकार्डावर येणार! तोवर घड्याळ मुंबईचीच वेळ दाखविते आणि औषधाची आठवणही मुंबईच्याच वेळेने करून देते. वाटेत घड्याळाची विजेरी पूर्ण उतरली, तर काही स्वस्त घड्याळे पुन्हा चालू होताना वेळ आणि तारीखच विसरून जातात आणि फोनच्या अॅपने आठवण करून देईपर्यंत भलतीच तारीख दाखवीत राहतात. अॅपमधून खाते बाहेर पडले असेल, तर पुन्हा संकेतशब्द, पुन्हा संकेतक. ज्या वस्तूचे नावच घड्याळ, तिने वेळ सांगण्यासाठी परवानगीची वाट पाहावी, यापरता विपर्यास कोणता?

समुद्रावर एकटे चालणारे घड्याळ

हा विपर्यास किती मोठा आहे, ते कळण्यासाठी घड्याळाच्या इतिहासाकडे वळावे लागते. अचूक, सोबत नेता येण्याजोगे घड्याळ मुळात घडविले गेले तेच प्रवासासाठी, आणि तेही जेथे कोणाशीही संपर्क शक्य नाही अशा प्रवासासाठी. १७०७ साली ब्रिटिश आरमाराच्या चार युद्धनौका सिली बेटांच्या खडकांवर आदळल्या आणि हजाराहून अधिक खलाशी बुडाले. अथांग समुद्रावर आपण पूर्व-पश्चिम नेमके कोठे आहोत, हे ठरविण्याचे खात्रीचे साधन त्या काळी नव्हते. १७१४ साली ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याची रीत सांगणाऱ्यास वीस हजार पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. म्हणून निघालेल्या बंदराची अचूक वेळ सांगणारे घड्याळ जहाजावर असेल, तर तेथील दुपार आणि येथील दुपार यांतील अंतरावरून रेखांश काढता येतो. प्रश्न एवढाच होता की, महिनोन्‌महिने हेलकावे, दमट हवा आणि उष्ण-थंड पट्टे सोसून एकट्याने बरोबर चालणारे घड्याळ घडवायचे कोणी?

ते जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या माणसाने घडविले. त्याचे चौथे घड्याळ हाताच्या तळव्याहून थोडे मोठे होते. नोव्हेंबर १७६१ मध्ये त्याचा मुलगा ते घेऊन जमैकाला निघाला. ८१ दिवसांच्या प्रवासाअंती घड्याळाच्या नित्याच्या चालीचा हिशेब वजा जाता त्यात केवळ पाच सेकंदांची चूक आढळली. पारितोषिकासाठी हॅरिसनला पुढे दशकभर झगडावे लागले, तो भाग निराळा. महत्त्वाची गोष्ट ही की, बंदर सोडल्यानंतर त्या घड्याळाला कोणालाही काही विचारावे लागत नव्हते. निघतानाचे ज्ञान त्याने पोटात जपून ठेवले होते. हेच त्याचे सामर्थ्य.

पुढच्या दोन शतकांत हे सामर्थ्य वाढतच गेले. डिसेंबर १९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. सेकंदाला ३२,७६८ वेळा स्पंदन पावणारा स्फटिकाचा इवलासा तुकडा महिन्याकाठी काही सेकंदांपलीकडे चुकत नाही आणि बटणाएवढ्या विजेरीवर वर्षानुवर्षे चालतो. आजच्या प्रत्येक स्मार्ट घड्याळातही असाच स्फटिक असतो. म्हणजे स्वतंत्रपणे वेळ राखण्याचे साधन त्याच्याजवळ आहेच. त्याला परावलंबी केले आहे ते त्याभोवतीच्या रचनेने.

तीन प्रकारची गरज

येथे न्याय्य भूमिका घेणे आवश्यक आहे. स्मार्ट घड्याळ इंटरनेट मागते म्हणून ते टाकाऊ, असा सरसकट निकाल देणे योग्य नाही. त्याच्या गरजा तीन प्रकारच्या आहेत आणि त्या वेगळ्या करून पाहिल्या म्हणजे दोष नेमका कोठे आहे ते दिसते.

पहिल्या प्रकारात ज्या गोष्टी स्वभावतःच बाहेरून याव्या लागतात, त्या मोडतात. आजचे हवामान, गाडीचा उशीर, मुलाने पाठविलेला निरोप या गोष्टी घड्याळाच्या पोटात आधीपासून असूच शकत नाहीत. त्यांसाठी जोडणी लागते आणि ती नसेल तेव्हा घड्याळाला बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या प्रकारात अशा गोष्टी येतात, ज्या एकदाच मिळवून साठविता येतात. नकाशा, भाषांतराचे शब्द, प्रवासाचा कार्यक्रम, महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक. राजगड किंवा हरिश्चंद्रगड काल होता तेथेच आज आहे. त्याचा नकाशा दर वेळी सातासमुद्रापलीकडून मागविण्याचे कारण नाही. गिर्यारोहकांसाठी बनविलेल्या महागड्या घड्याळांत संपूर्ण नकाशे आधीच भरलेले असतात. काही घड्याळांना फोनवर उतरवून ठेवलेले नकाशे फोन जवळ असेपर्यंत वापरता येतात. म्हणजे ही गोष्ट शक्य आहे. ती स्वस्त घड्याळांत का नसावी, याचे उत्तर काही अंशी खरेच तांत्रिक आहे: लहानशी विजेरी, अपुरी साठवण, उष्णतेची मर्यादा. गणिताचे ओझे फोनवर किंवा सर्व्हरवर टाकले की घड्याळाची विजेरी अधिक टिकते आणि किंमत खाली येते.

तिसरा प्रकार मात्र आक्षेपार्ह आहे. ज्या गोष्टीला जोडणीची काहीही गरज नाही, तिलाही ती सक्तीची करून ठेवायची, असा हा प्रकार. नवे घड्याळ पेटीतून काढल्यावर खाते उघडल्याविना ते सुरूच होत नाही. मनगटावर मोजलेले हृदयाचे ठोके मनगटावरच सविस्तर पाहता येत नाहीत. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातात आणि तेथून फोनच्या पडद्यावर परत येतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. येथे हातच्याच नाडीला सर्व्हरचा आरसा लागतो! याचे कारण विजेरीत नाही, व्यापारात आहे. खाते उघडलेला ग्राहक कंपनीच्या दप्तरी राहतो, त्याची माहिती साठत जाते आणि उद्या तीच सुविधा मासिक वर्गणीवर विकता येते. वस्तू विकत घेतल्याचे समाधान ग्राहकाला, आणि तिचा लगाम कंपनीच्या हाती.

सर्व्हर बंद पडतो तेव्हा

हा लगाम कल्पनेतला नाही. २०१२ साली लोकांनीच आगाऊ पैसे गोळा करून उभे केलेले पेबल हे घड्याळ स्मार्ट घड्याळांच्या आरंभकाळातील एक आवडते घड्याळ होते. वीस लाखांहून अधिक पेबल घड्याळे विकली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीची मालमत्ता फिटबिटने घेतली आणि ३० जून २०१८ रोजी पेबलचे सर्व्हर बंद झाले. घड्याळे शाबूत होती, विजेऱ्या चालत होत्या, तरी हवामान, बोलून लिहिणे, नवी अॅप घेणे अशा सुविधा एका दिवसात गेल्या. वापरकर्त्यांमधील काही जाणत्यांनी ‘रिबल’ या नावाने स्वतःच पर्यायी सेवा उभी केली, म्हणून ती घड्याळे जगली. पुढे फिटबिट गूगलकडे गेली आणि गूगलने जानेवारी २०२५ मध्ये पेबलची मूळ संगणकीय प्रणाली सर्वांसाठी खुली केली. समाजाने एकत्र येऊन जपलेली वस्तू कंपनीच्या मृत्यूनंतरही टिकते, हा त्यातील उत्साहवर्धक भाग. परंतु प्रत्येक घड्याळाला असे जीव लावणारे भेटतात असे नाही.

दुसरे उदाहरण जुलै २०२० चे. गार्मिन या कंपनीच्या संगणकांवर सायबर हल्ला झाला आणि तिची जोडसेवा काही दिवस ठप्प झाली. जगभरातील धावपटूंना आपली नोंद फोनवर उतरविता येईना. तरीही तेथे एक गोष्ट शिकण्यासारखी होती. मनगटावरील घड्याळे स्वतः चालत होती, उपग्रहांचे संकेत पकडत होती आणि नोंद पोटात साठवीत होती. सेवा पूर्ववत झाल्यावर ती नोंद पुढे गेली. घर जळाले तरी तिजोरी वाचावी, तसे झाले. एकाच घटनेत परावलंबनाचा धोका आणि स्वतंत्र रचनेचा लाभ, दोन्ही दिसले.

आकाशातील आधार

दिशा आणि ठिकाण सांगण्यासाठी इंटरनेट लागतेच, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तो दूर होणे प्रवाशाच्या हिताचे आहे. दिशादर्शक उपग्रहांचे संकेत आकाशातून सर्वांना सारखेच आणि विनामूल्य मिळतात. ते एकतर्फी असतात. घड्याळ फक्त ऐकते, बोलत नाही. मग घड्याळाला ठिकाण सापडण्यास वेळ का लागतो? कारण कोणता उपग्रह कोठे आहे ही माहिती उपग्रह फार संथ गतीने, सेकंदाला केवळ ५० बिट या वेगाने सांगतो. जीपीएसच्या सर्व उपग्रहांचा पूर्ण तपशील मिळण्यास साडेबारा मिनिटे लागतात. हा विलंब टाळण्यासाठी पुढील काही दिवसांचे उपग्रहांचे वेळापत्रक फोनमार्फत आधीच घड्याळात भरले जाते. ते शिळे झाले आणि घड्याळ दरम्यान शेकडो किलोमीटर दूर नेले गेले, की त्याला पुन्हा पहिल्यापासून आकाश वाचावे लागते. अशा वेळी उघड्या जागी उभे राहून पंधरा-वीस मिनिटे धीर धरला, तर स्वतःचे जीपीएस असलेले घड्याळ इंटरनेटविनाही ठिकाण सांगते. हे साधे ज्ञान माहितीपत्रकात ठळकपणे का छापले जात नाही?

मात्र आकाशातील आधारही कोणाचा, हा प्रश्न उरतोच. जीपीएस ही अमेरिकेची व्यवस्था. मे २००० पर्यंत ती नागरिकांसाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. दुसऱ्याच्या दिव्याने वाट चालणाऱ्याला तो दिवा केव्हा मंद करायचा हे ठरविता येत नाही. भारताने याच जाणिवेतून ‘नाविक’ ही स्वतःची उपग्रहमाला उभारली. तिचा मार्ग सुकर नव्हता. पहिल्या उपग्रहातील आयात केलेली तिन्ही अणुघड्याळे बंद पडली. त्या अनुभवानंतर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात भारतीय बनावटीचे अणुघड्याळ बसविले गेले. त्याच उपग्रहापासून ‘एल-१’ या पट्ट्यातील संकेतही सुरू झाले. मनगटी घड्याळासारख्या छोट्या, कमी वीज खाणाऱ्या उपकरणांना हाच पट्टा सोयीचा. २९ जानेवारी २०२५ रोजी सोडलेला एनव्हीएस-०२ मात्र झडप न उघडल्यामुळे नियोजित कक्षेत जाऊ शकला नाही. काम कठीण आहे आणि ते नेटाने पुढे न्यावे लागेल. भारतीय नाव मिरविणाऱ्या घड्याळ कंपन्यांनी केवळ चकचकीत पट्टे आणि क्रिकेटपटूंच्या जाहिराती यांवर न थांबता आपल्या घड्याळात ‘नाविक’ला स्थान दिले, तर ‘स्वदेशी’ या शब्दाला काही अर्थ येईल.

प्रश्न सोयीचा नाही, जिवाचा

नकाशा दिसला नाही तर माणूस वाटसरूला विचारील. हवामान कळले नाही तर छत्री घेईल. ज्येष्ठांच्या मनगटावरील घड्याळाकडून असलेली खरी अपेक्षा मात्र संकटकाळची आहे. माणूस कोसळल्याचे ओळखून मदत मागणारी घड्याळे आज मिळतात. त्यांतील काही फोनमार्फत ११२ सारख्या आपत्कालीन क्रमांकाला कॉल लावतात, काही केवळ अॅपद्वारे नातलगांना संदेश पाठवितात. या दोहोंतील भेद विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही, आणि तोच जीवघेणा ठरू शकतो. साध्या कॉलला इंटरनेट लागत नाही. आपल्या कंपनीचा मनोरा नसेल तेथे आपत्कालीन कॉल दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरूनही जाऊ शकतो. अॅपचा संदेश मात्र इंटरनेटविना जागचा हलत नाही. फोन सामानाच्या बोजात घोड्यावर आणि यात्रेकरू पायी, असे अंतर पडले की दोन्ही प्रकार निष्फळ. उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठविणारी मनगटी घड्याळे २०२५ मध्ये परदेशी बाजारात आली. पण ती सुविधा देशोदेशीच्या परवानग्यांनी बांधलेली आहे आणि भारतात उपग्रह-संपर्काची साधने विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे, हे परदेशातून अशी भेट आणणाऱ्यांनी विसरू नये.

दुर्गम डोंगरातच हे घडते असेही नाही. आषाढीला पंढरपुरात लाखो फोन एकाच वेळी मोजक्या मनोऱ्यांवर तुटून पडतात, तेव्हा ‘रेंज’ पूर्ण दिसत असूनही संदेश जात नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाची मुख्य स्नाने होतील, तेव्हा हाच अनुभव येणार. मुलाच्या हातात ठिकाण सांगणारे घड्याळ आहे म्हणून त्याचा हात सोडणारे पालक आणि आजोबांच्या मनगटावर घड्याळ आहे म्हणून सोबत न देणारी मुले, दोघेही एका न दिसणाऱ्या दोरीवर विसंबत असतात. कंपनीने ती दोरी कोठे तुटते हे सांगितलेले नसते, आणि विश्वास टाकणाऱ्याने विचारलेले नसते. घड्याळ नसलेला माणूस निदान सावध असतो. घड्याळावर विसंबलेला गाफील असतो. हा गाफीलपणाच सर्वांत मोठा धोका आहे.

काय करता येईल?

यावर उपाय आहेत आणि ते फार खर्चाचेही नाहीत. पहिला उपाय घरचा. प्रवासापूर्वी एक दिवस फोनचे इंटरनेट बंद करून घड्याळ वापरून पाहावे. काय चालते आणि काय थांबते ते संध्याकाळपर्यंत आपोआप कळते. मग फोनही घरी ठेवून अर्धा तास फिरून यावे. नकाशे आधी उतरवून ठेवावेत. औषधाचा गजर अॅपऐवजी घड्याळाच्या स्वतःच्या गजरात लावावा. निघण्याच्या आदल्या दिवशी अॅप उघडून उपग्रहांचे वेळापत्रक ताजे करून घ्यावे. सीमेलगतच्या भागात स्वयंचलित वेळ बंद ठेवावी. सिमकार्ड तेथे चालते का, याची चौकशी तिकीट काढतानाच करावी. आणि एका कागदावर नाव, रक्तगट, चालू औषधे व दोन नातलगांचे क्रमांक लिहून तो खिशात ठेवावा. कागदाला विजेरी लागत नाही. यात्रा, शिबिरे आणि पदभ्रमंतीचे आयोजन करणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर हा कागद आणि एक साधे क्वार्ट्झ घड्याळ आपल्या सामानाच्या यादीतच घालावे.

दुसरा उपाय शासनाचा. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटक छापणे बंधनकारक आहे. त्याच धर्तीवर इंटरनेटविना काय चालेल, फोनविना काय चालेल आणि संकटसंदेश कोणत्या मार्गाने जाईल, या तीन ओळी स्मार्ट घड्याळाच्या पेटीवर छापणे बंधनकारक करण्यास कोणती अडचण आहे? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशा जोडलेल्या उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षाविषयक सुधारणा किमान किती काळ पुरविणार, हे सांगणे सक्तीचे केले आहे. भारतातही डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. वस्तू दुरुस्त करण्याचा हक्क जर मान्य आहे, तर कंपनीच्या सर्व्हरविना ती चालविण्याचा हक्क हे त्याचेच पुढचे पाऊल ठरते. ग्राहक पंचायतीसारख्या चळवळीची मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रातून ही मागणी उठावी, हे स्वाभाविक ठरेल.

तिसरा उपाय उद्योजकांचा. किंमत आणि रंग यांच्या स्पर्धेत भारतीय कंपन्यांनी बाजार जिंकला आणि नंतर तो ओसरतानाही पाहिला. खाते न मागता सुरू होणारे, मराठी-हिंदीत सूचना देणारे, विजेरी उतरली तरी वेळ न विसरणारे आणि डोंगरात एकटे पडले तरी वाट दाखविणारे घड्याळ जो बनवील, त्याला जाहिरातीची गरज उरणार नाही. त्यासाठी लागणारे ज्ञान जगात नवे नाही. अडीच शतकांपूर्वी एका सुताराने ते सिद्ध केले होते.

तंत्रज्ञानाला विरोध करणे हा यावरचा मार्ग नाही. जोडणी हे वरदान आहे आणि ते जेथे मिळेल तेथे अवश्य घ्यावे. परंतु जोडणी ही यंत्राची शक्ती वाढविणारी असावी, त्याचा श्वास असू नये. माणसाविषयी जी कसोटी आपण लावतो, तीच यंत्रालाही लागू आहे. दहा जणांच्या सोबतीत शोभणारे पुष्कळ असतात. एकटे पडल्यावर जो आपले काम चोख करतो, त्याच्यावरच विश्वास टाकला जातो. पुढच्या दिवाळीला आई-वडिलांसाठी घड्याळ निवडणाऱ्या मुलाने दुकानदाराला एवढाच प्रश्न विचारावा: “इंटरनेट नसेल तेव्हा हे काय करते?” उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत पाकीट उघडू नये.